खुशी ओल्या हातावरच

गेल्या हिवाळ्यात माझ्या नातीचा, सईचा, फोन आला तो थेट बोटीवरून. मालवणच्या बाजूला कुठंतरी ती मैत्रिणींबरोबर समुद्राच्या तळाशी मासे बघायला गेली होती. पाठीवर हवेची टाकी, पायात बदकासारखे पंजे, तोंडात नळी, असला सगळा शृंगार करून पाण्यात उतरायचं आणि शिकवणारा मास्तर हात धरून खाली नेणार. वारा इतका होता की तिचं निम्मं बोलणं समुद्रानंच ऐकलं. मला कळलं ते एवढंच, की बुड्या मारून झाल्या होत्या, बोटीवर एक डबा ठेवला होता, डब्यावर 'टिप' असं लिहिलं होतं, आणि पैसे डब्यात टाकायचे की मास्तरच्या हातात द्यायचे, बोट सांभाळणाऱ्याला वेगळे द्यायचे की नाहीत, यावर चौघी मैत्रिणींचं भांडण जुंपलं होतं. तेव्हा सई म्हणाली होती, "थांबा गं, माझ्या आजीला विचारते. तिनं हेच काम केलंय."

मी आता राहते त्या बीदरच्या मैलूर भागात आमच्या शेजारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्या माझ्याजवळच बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. म्हणाल्या, बीदरला कुठला आलाय समुद्र? नाही आला. कधी येईल असंही वाटत नाही. पण पाण्याच्या तळाशी जायला समुद्रच लागतो असं कोणी सांगितलं? आमच्याकडं विहिरी होत्या. मी तीस-बत्तीस वर्षं विहिरींच्या तळाशी ये-जा केली, पोरींना पोहायला शिकवलं, आणि खुशी कुणी, कधी, कुणाच्या हातावर ठेवायची यावरून एका अख्ख्या गावाशी भांडले. सईला फोनवर मी थोडक्यात उत्तर दिलं. पण तेवढ्यानं माझं पोट भरत नाही, म्हणून हा कागद.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, आळंदजवळच्या खजुरीकडच्या पट्ट्यात बुडी मारणारे म्हणून माहीत होते. त्यांना मुलगा नव्हता. माझ्या कमरेला पांगाऱ्याचं लाकूड बांधून त्यांनी मला सहाव्या वर्षी विहिरीत ढकललं. पांगारा तरंगतो, त्यामुळं पोरही तरंगतं, असा तो सरळ हिशेब. लाकूड सुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि दहाव्या वर्षी पहिली घागर काढली.

आमच्याकडं विहिरीत काय पडायचं नाही ते विचारा. घागरी, कळश्या, बादल्या, रहाटाचं चाक, मोटेचं लोखंडी कडं. पुढं इंजिनं आली तेव्हा त्यांचे फुटबॉल, म्हणजे पंपाच्या पाइपाच्या टोकाला असतो तो व्हॉल्व्ह. शेतकऱ्याच्या तोंडी तो फुटबॉलच. वस्तू पडली की आधी गळ टाकायचे. दोराला बांधलेला लोखंडी आकड्यांचा घोस म्हणजे गळ. घागरीचा काठ आकड्यात अडकला तर काम झालं. नाही अडकला तर पाणी नुसतं गढूळ व्हायचं, अन् मग माणूस पाठवून आम्हाला बोलवायचे. म्हणजे आम्ही येणार ते नेहमी दुसऱ्यानं घाण करून ठेवलेल्या पाण्यात.

काम असं असायचं. कानात करडईच्या तेलाचा बोळा. कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. हातात जड दगड धरून उडी घ्यायची, म्हणजे दगडच तळाला नेतो, आपला दम खर्च होत नाही. वरचं पाणी कोमट, मधलं गार, तळाचं बर्फासारखं. उजेड आधी हिरवा होतो, मग संपतो. तळाशी डोळ्यांचा उपयोग नाही. पायाच्या बोटांनी चाचपायचं, कारण पाय गाळ उडवत नाहीत, हात उडवतात. दोराला एक हिसका म्हणजे ढील दे, दोन हिसके म्हणजे ओढ. बास. एवढंच शास्त्र. बाकी सगळी छाती.

आणि त्या शास्त्राइतकेच कडक होते खुशीचे नेम. बक्षिसी म्हणा, इनाम म्हणा. आमच्या भागात निजामाच्या वेळेपासून त्याला खुशी म्हणतात. मजुरी ठरलेली असायची, ती नंतर घरी यायची, जवारीत, तुरीत, कशातही. खुशी वेगळी. ती मागायची नाही. ती कमी म्हणायची नाही. ती जिथल्या तिथं, पायऱ्यांवरच द्यायची, आणि बुडी मारणाऱ्याचा हात ओला असतानाच. अप्पा म्हणायचे, हात वाळला की उपकार वाळतो. माणसाला घागर परत मिळाली की तासाभरात वाटायला लागतं, ती पडलीच नव्हती.

सोन्याचा नेम आणखी वेगळा. सोनं काढणारानं वर येताना दोन्ही पंजे उघडे करून पाण्याबाहेर आधी हात काढायचे, मग डोकं. सोनं दातात धरायचं. म्हणजे वरच्या शंभर डोळ्यांना दिसतं की मुठीत काही लपवलेलं नाही. पुढं कचेरीतल्या एका निवृत्त पेशकारसाहेबांची कवळी चूळ भरताना विहिरीत पडली. ती मी तांब्यात घालून वर आणली, तर गाव विचारायला लागलं, तीपण दातात धरूनच आणलीस का? पेशकारसाहेबांनी कवळी धुतली, बसवली, आणि बसवल्यावर पहिला शब्द उच्चारला तो 'शाब्बास'. त्यांची खुशी खोबऱ्याची वाटी होती, पण तो शब्द मला जास्त आवडला. एवढा घासून धुतलेला शब्द मला पुन्हा कुणी दिला नाही.

एक नेम सांगायचा राहिला. विहिरीतून जिवंत माणूस काढलं तर खुशी पैशात नाही, त्या घरी पंगतीला पहिलं पान. आणि जिवंत नसलं तर काहीच नाही. त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, गुमान निघून यायचं. मी तशी चारदा आले आहे. त्याबद्दल आणखी लिहिणार नाही.

अप्पांच्या गावी माझ्या ओल्या हातावर खुशी ठेवायला कुणालाच काही वाटत नव्हतं. पोर होते ना. लग्न झालं आणि तिथून घोटाळा सुरू झाला.

आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला त्याच्या पुढच्याच साली मी मादन हिप्परग्याच्या बाजूला सून म्हणून आले. आमचे मालक कोरडवाहू शेतकरी, आणि माणूसही तसाच. त्यांच्याइतका पाण्याला भिणारा मनुष्य मी पाहिला नाही. अंघोळीच्या बादलीकडंसुद्धा संशयानं बघायचे. विहिरीच्या पायऱ्या असतील तर वरच्या पायरीच्या खाली त्यांचं पाऊल पडायचं नाही. आणि नशीब बघा, गावातल्या विहिरीत कुणाची तरी तांब्याची घागर पडली, गळ हरला, आणि मी सासूबाईंना सहज म्हणून गेले, मी काढू का? सासूबाईंना आधी वाटलं मी चेष्टा करतेय, मग वाटलं मी जीव द्यायला निघालेय. पण घागर वर आली, आणि पुढं बोलावणी यायला लागली.

गावातले काही शहाणे म्हणाले, बाई विहिरीत उतरली की पाणी आटतं. मी म्हटलं, तुमच्या तीन विहिरी मी येण्याआधीच आटल्यात, त्यात कोण उतरलं होतं तेवढं सांगा. तेव्हापासून तो विषय बंद.

दोर धरायला मालक. आणि इथं एक धंद्यातलं गुपित सांगते: दोर नेहमी भित्र्या माणसाच्या हातात द्यावा. शूर माणूस गप्पा मारत दोर धरतो. भित्रा सोडतच नाही. मालकांना आकडे फारसे येत नव्हते, म्हणून मी पाण्यात गेले की ते गावांची नावं घ्यायचे, एका लयीत, जपासारखी. आळंद, खजुरी, आपलं गाव, सासऱ्याचं गाव, बैलबाजाराची गावं, अशी त्यांना ठाऊक असलेली सगळी. शेवटचं नाव बीदर. बीदर त्यांनी तोवर पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या लेखी ते जगाचं टोक होतं. बीदर आलं की हिसका येवो न येवो, ओढायचं.

पण खुशी. मी घागर घेऊन वर यायचे, गार पाण्यानं दात वाजत असायचे, आणि घागरवाला माझ्या अंगावरून पुढं जाऊन, वर कोरड्या कपड्यात उभ्या असलेल्या मालकांच्या हातावर खुशी ठेवायचा. का? तर बाईमाणूस, ओलेती, तिच्या हातात पैसा कसा ठेवायचा! मालक भोळेपणानं घ्यायचे, टोपीत ठेवायचे, घरी आल्यावर मला द्यायचे. मी ती भिंतीवर भिरकावायचे. वाळलेली खुशी नको मला, म्हणायचे. ते बिचारे उचलून परत कोनाड्यात ठेवायचे. अशी नऊ वर्षं गेली. पैसा घरातच येत होता, हे खरं. पण अप्पांच्या गावात दहा वर्षांच्या पोरीच्या हाताला जी किंमत होती, ती इथं तिशीला आलेल्या बाईच्या हाताला नव्हती, आणि हे मला पाण्यापेक्षा जास्त गार लागायचं.

तेव्हाची मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं नीट समजेल. घट्ट कासोटा, लाल चोळी, दंडावर अप्पांनी दिलेली चांदीची येळ, म्हणजे वाकी, आणि नाक असं वर की पावसात पाणी आत जाईल. विहिरीकडं जाताना मुद्दाम गावाच्या मधल्या रस्त्यानं जायचे. मला वाटायचं सगळं गाव माझ्याकडं बघतं. बघतही असेल, पण ते बहुतेक मालकांच्या खांद्यावरच्या दोराला हसत असावं.

तर एक दिवस सीमेजवळच्या एका गावातून गाडी आली. तिथले एक गुत्तेदार, रस्त्याची कामं घेणारे, पैशानं आणि आवाजानंही मोठे. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न होऊन दोन दिवस झाले होते. नवी सून, सुलोचना तिचं नाव, रीतीप्रमाणं विहिरीची पूजा करायला पायऱ्या उतरून गेली. पाण्याला हळद-कुंकू वाहायला वाकली, तेव्हा गळ्यातल्या बोरमाळेचा फासा सुटला आणि माळ पाण्यात गेली. नेमकं ते बघितलं एकट्या तिनं. बाकीच्या बायका मागं गाणी म्हणत होत्या. आणि त्याच सकाळी तिचा पाठराखा भाऊ पहिल्या बसनं गावी गेला होता. मग काय, दुपारपर्यंत घरभर कुजबूज झाली की माळ पाण्यात नाही, बसमध्ये आहे.

सकाळपासून गळ टाकून झाले होते. माळेसाठी गळ टाकणं म्हणजे कुदळीनं मोहरी वेचणं. एक गळ दोर तुटून तळाशीच राहिला होता. पाणी म्हणजे ताकातलं पिठलं.

आम्ही पोचलो. गाव जमलेलं. गुत्तेदारांची आई, सगळे त्यांना थोरल्या अव्वा म्हणत, पायऱ्यांवर घोंगडी टाकून बसलेल्या. सुलोचना बायकांच्या मागं, पदर नाकापर्यंत. आणि इथं शहाण्या बाईनं काय केलं असतं? आधी उडी घेतली असती. मी काय केलं? शेवटच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं एवढं मोठं गाव पुन्हा कधी जमणार.

"गुत्तेदार अण्णा, एक बोलायचं हाय. खुशी माझ्याच हातावर ठेवायची, ओल्या हातावर. कबूल असंल तर उतरते."

अव्वांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाईमाणसानं हात पुढं करायचा व्हय? मग नवरा कामून आणलायस?"

"दोर धरायला."

लोक हसले. मालकही हसले, त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. गुत्तेदार वैतागून म्हणाले, बरं बरं, उतर आधी. मला तेवढं 'बरं' पुरे झालं. पण बायकांच्या मागं पदराआड उभ्या असलेल्या त्या पोरीच्या जीवाचं काय होत असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. तिचं अख्खं सासर पणाला लागलेलं, आणि मी तिच्यासमोर माझ्या तळहाताचा सौदा करत होते. आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. पण कान आता निम्मंच ऐकतात, त्यांना काय मारायचं.

तिसऱ्या बुडीला माळ पायाला लागली. बोरमाळेचे मणी आतून लाखेचे, वरून सोन्याचा पत्रा; गाळात रुतत नाहीत, नुसते टेकतात. पायाच्या बोटात धरली, हातानं तोंडाकडं नेली, रेशमी गोंडा दातात पकडला, दोन हिसके दिले आणि वर आले. आधी उघडे पंजे, मग डोकं, मग दातात लोंबणारी माळ. वर एकच गलका झाला. सुलोचनेनं पदर मागं सारला, तेव्हा मला तिचा चेहरा पहिल्यांदा दिसला. सोळा-सतरा वर्षांची असेल.

गुत्तेदार खूश. कोटाच्या खिशातून त्यांनी नोट काढली. पायऱ्या चढले. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, थेट मालकांकडं गेले आणि दोरावर आवळलेल्या त्यांच्या बोटांत ती नोट खोचली.

मी पाण्यात, पायरीपासून हातभर अंतरावर. नऊ वर्षांचा राग एकदम घशाशी आला आणि मी ओरडले, "माझ्या हातावर!"

खरं सांगायचं तर ओरडले फक्त 'मा'. कारण तोंड उघडलं, आणि माळ गेली.

पाण्याला गोल वलयं पडली. बुडी मारणाऱ्यांच्या सात पिढ्यांत कुणी दातातलं सोनं भांडणापायी पाण्यात टाकलं नसेल. तो मान माझा. सुलोचनेनं पदर पुन्हा पुढं ओढला. अव्वा तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "आता कुणाच्या हातावर ठेवायची गं?"

मी दगड घेतला नाही, दम नीट भरला नाही, तशीच आत गेले. राग आणि लाज बरोबर घेऊन पाण्यात जाऊ नये, दोन्ही जड असतात. तळाशी गाळ असा उसळलेला की पायाला पाय कळेना. चाचपत चाचपत विहिरीच्या भिंतीशी गेले. माळ तिथं होती, एका दगडावर पडलेली, जशी काही माझीच वाट बघत. ह्या खेपेला गोंडा नाही, अख्खी माळ गालात कोंबली. वळले, आणि कासोट्याला मागून कुणीतरी धरलं.

सकाळचा तुटलेला गळ. त्याचे तीन आकडे लुगड्यात. मी ओढलं तर ते आणखी रुतले. हात मागं नेऊन सोडवायला गेले, तर दोराला हिसका द्यायला हात उरला नाही. छातीत आधी दुखतं, मग दुखायचं थांबतं. थांबलं की समजावं काम वाईट आहे. माझं थांबलं होतं.

वर काय चाललं होतं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. मालक नावं घेत होते. आळंद, खजुरी, सगळी गावं झाली. बैलबाजार झाले. बीदर आलं. दोर हलेना. कोणी म्हणालं, थांबा, शोधायलीय ती, हिसका येऊ द्या. मालक म्हणाले, "बीदर आलं." आणि ओढायला लागले. गळ तळाच्या दगडांत अडकलेला, दोर येईना. तेव्हा हा माणूस, अंघोळीच्या बादलीला भिणारा, एकेक पायरी उतरत खाली आला, पाण्यात गुडघ्यापर्यंत शिरला, आणि पायरीला पाय लावून त्यानं असा ओढला की लुगडं फाटलं, आणि मी वर आले. गुत्तेदारांची नोट त्यांच्या बोटांतून केव्हाच सुटली होती. ती पाण्यावर तरंगत होती.

बायकांनी चटकन माझ्या अंगावर लुगडं टाकलं. मी खोकत होते, पण तोंड मिटूनच, शिकले होते. पायरीवर बसले, दोन्ही पंजे उघडे करून दाखवले आणि मग गालातली माळ काढून समोर ठेवली.

कुणी पुढं येईना. तेवढ्यात बायकांतून सुलोचना निघाली. नव्या सुनेनं थोरल्यांच्या आधी पाऊल टाकायचं नसतं, पण तिनं टाकलं. पूजेची ओटी अजून तिच्या पदरातच होती. त्यातला रुपया आणि खोबऱ्याची वाटी तिनं काढली. अव्वा म्हणाल्या, ओटीतलं काढून देऊ नये गं. पण पोर थांबली नाही.

"अव्वा, माझी अब्रू या बाईनं दातात धरून आणली. त्यांच्या हातावर मीच ठेवणार."

आणि ठेवली. माझ्या ओल्या तळहातावर, सगळ्या गावादेखत. नऊ वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते घडलं, आणि मला काही सुखानं बघता येईना. कारण शेजारी मालक पायरीवर बसले होते, आणि आपले दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडं नवलानं बघत होते. दोरानं कातडं सोललं होतं, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत. नऊ वर्षं मी माझ्या हाताचा विचार केला. दुसऱ्या टोकाला पण एक हात असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लोक त्यांना खुशी देत होते ती नवरा म्हणून. दोर धरला म्हणून त्यांनाही कुणी दिलीच नव्हती.

गुत्तेदार आता शरमले होते. पाण्यावरच्या नोटेकडं बोट दाखवून म्हणाले, ती तुमचीच आहे, घ्या काढून.

मी म्हटलं, "ती पाण्याची झाली, अण्णा. काढायची असंल तर मला बोलवावं लागंल, अन् त्याची खुशी येगळी."

पहिल्यांदा हसल्या त्या थोरल्या अव्वा. मग सगळं गाव. गुत्तेदारांनी खिशात हात घातला, पायऱ्या उतरून माझ्यासमोर आले, आणि माझ्या हातावर नोट ठेवली. मी मूठ मिटली नाही. म्हटलं, दुसरी मालकांच्या हातावर. ओल्या हाताची एक, सोललेल्या हाताची एक. त्यांनी ठेवली. मालकांना मूठ मिटताच येईना, म्हणून मीच त्यांच्या टोपीत ठेवली. तेव्हापासून आमच्या पट्ट्यात कुठंही विहिरीवर काम झालं की दोन खुश्या असा नेम पडला. ज्यांना पटला नाही त्यांच्या घागरी अजून तळाशी असतील. मला चिंता नाही.

सुलोचना नंतर माझ्याकडं पोहायला शिकायला आली. आधी चोरून, मग उघड, मग गावातल्या दहा पोरी घेऊन. पांगाऱ्याचं लाकूड आता मिळायला कठीण, म्हणून आम्ही रिकामे डालड्याचे डबे वापरले. तिच्या घरी पंगतीला माझं पहिलं पान असायचं, आणि दुसरं मालकांचं. सोनं काढलं होतं, तरी मान जीव काढल्याचा दिला. तिनं ते तसंच मोजलं असावं.

राज्याचं नाव पुढं कर्नाटक झालं, नळ आले, बोअर आल्या, विहिरींत लोक कचरा टाकायला लागले. कचरा काढायला कोणी खुशी देत नाही. मुलाला बीदरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आम्ही दोघं गावाहून बसनं निघालो. मालकांनी बीदर अजूनही पाहिलेलं नव्हतं. किल्ल्याची भिंत दिसली तसं त्यांनी माझ्या हाताला हलका हिसका दिला. मग दुसरा. मी त्यांच्याकडं पाहिलं, तर ते खिडकीतून बाहेर बघत हसत होते.

आता बोटीवरचा डबा. सईला मी सांगितलं ते असं: डब्यात टाकू नकोस. डब्याला हात नसतो. मास्तरच्या हातावर ठेव, आणि हात ओला असतानाच. आणि बोट सांभाळणाऱ्याला वेगळी दे, त्याच्या हातावर. दोघांत वाटून घ्या, असं कधी म्हणायचं नाही. आणि कोणी म्हणालंच की मॅडम, आमच्याकडं पद्धत नाही, तर सांग, आमच्याकडं आहे.

संध्याकाळी तिचा परत फोन आला. मास्तरनं तोवर टॉवेलनं अंग पुसलं होतं, शर्ट घातला होता. हात कोरडा ठक्क. मग सईनं काय करावं? पिण्याच्या पाण्याची बाटली उघडली, त्याच्या तळहातावर चूळभर पाणी ओतलं, आणि त्यावर खुशी ठेवली. मैत्रिणींनी कपाळाला हात लावला म्हणे. माझी छाती त्या लाल चोळीतल्या बयेसारखी फुगली.

तरी मी विचारलंच. "अन् दोर धरणाऱ्याला?"

"त्याला आधी दिली, आजी."